काचेतलं सुलटं

१

भंगारालाही कधी सोन्याचे दिवस येतात, हे सौरभनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या शाळकरी वयात गावोगावचे फोटोवाले आपले रिळाचे कॅमेरे लेकरांना खेळायला देऊन टाकत होते. आता पुण्या-मुंबईच्या पोरांना मोबाइलचा फोटो फार गुळगुळीत वाटायला लागला होता. त्यांना रीळ हवं होतं, आणि ते धुऊन येईपर्यंत वाट बघण्याची हौसही भागवायची होती. त्यातही मोठ्या रिळाचा, एकावर एक दोन डोळे असलेला, वरचं झाकण उघडून खाली मान घालून बघायचा डबा मिळाला, की त्यांना स्वर्ग दोन बोटं उरायचा. त्या डब्यांचे भाव दर महिन्याला चढत होते आणि सौरभचं बरं चाललं होतं.

मांजरसुंब्याच्या चौकात त्याचं मोबाइलचं दुकान. चार्जर, कव्हर, फुटलेल्या काचा बदलणं, मधूनच कुणाचे पासपोर्ट फोटो. राहायला तो पालीत. घरात बायको यशोधरा, बीडच्या एका दवाखान्यात नर्स, आणि नुकती बोलायला लागलेली उत्पला. रविवारी दुकान बंद ठेवून सौरभ गाडीला किक मारायचा आणि नेकनूर, केज, धारूर अशी बंद पडलेल्या स्टुडिओंची दारं ठोठावत फिरायचा.

धंदा मात्र पूर्वीसारखा सोपा राहिला नव्हता. "मालकांची निशाणी हाय हो," असं डोळ्याला पदर लावून म्हणणारी बाई त्याच पदराआडून मोबाइल काढायची आणि नेटवरचा भाव दाखवायची. लेन्सला बुरशी, शटर अडकलेलं, पण भाव दुभत्या म्हशीचा. अशा वेळी सौरभ चहा पिऊन, हसून उठायचा.

पारख करायची त्याची एक रीत होती. या डब्यात तिरका आरसा असतो, म्हणून वरच्या काचेत सगळं आरशातल्यासारखं दिसतं, डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. घरी आणलेला प्रत्येक डबा तो ओसरीवर बसून समोरच्या खोलीतल्या भिंतीकडं धरायचा. भिंतीवर बुद्धांची तसबीर, आणि तिच्या शेजारी बाबासाहेबांचा उभा फोटो. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हाताचं बोट पुढं. काचेत पुस्तक उजव्या हातात गेलेलं दिसलं, की समजायचं, आरसा जागेवर आहे.

"अहो, दर येळी तुमी त्यांना डावखुरं करता," यशोधरा म्हणायची.

"जागा चुकली का भाव पडतो, बाई. दुनियेत सगळं डाव्या-उजव्यावर चाललंय," असं म्हणून तो डबा मिटायचा आणि उत्पलाला खांद्यावर घेऊन धरणाकडं फिरायला जायचा.

२

केजच्या बाजारामागं एक बंद स्टुडिओ आहे, हे त्याला चहावाल्यानं सांगितलं. फोटोग्राफर अजिनाथ. दुकान मिटून बरीच वर्षं झालेली, पण घर त्याच्याच मागं होतं. दार अजिनाथच्या बायकोनं, विमलबाईंनी उघडलं. म्हातारी काटक होती, पण भिंतीला बोटं लावत चालत होती.

पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा अजून टांगलेला होता. त्यावर डोंगर, त्याखाली तळं, आणि तळ्यावर पोपडे. बाजूला पाटी: 'फोटो काढताना हलू नये. हसायचे असल्यास आधी सांगावे.' सौरभला हसू आलं. मागच्या खोलीत कुणीतरी जेवत होतं. ताटाला वाटी लागल्याचा आवाज, मग घोट, मग खोकला.

"पाव्हणे आलेत का, मावशी?"

"न्हाई. पाव्हणे कशाचे."

जुन्या दुपट्यात गुंडाळलेला डबा तिनं दोन्ही हातांनी आणून त्याच्या मांडीवर ठेवला. जपानी होता, कातडं शाबूत, लेन्स स्वच्छ. सौरभच्या तोंडाला पाणी सुटलं, पण गिऱ्हाइकानं चेहरा कोरा ठेवायचा असतो. त्यानं झाकण उघडलं आणि डबा पाटीकडं धरला.

काचेत पाटी दिसली. 'फोटो काढताना हलू नये.' त्यानं ती सरळ वाचली, आणि वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ती वाचता यायला नको होती.

त्यानं मान वर करून पाटी पाहिली. पुन्हा खाली पाहिलं. अक्षरं सुलटी होती. आरसा निखळला असता तर काच काळी दिसली असती. आरसा असता तर अक्षरं उलटी दिसली असती. सुलटी दिसायला तिसरा मार्गच नव्हता.

"मावशी, यात सुलटं दिसतंय."

"दिसणारच. यात डावं-उजवं करावं लागत न्हाई," विमलबाई म्हणाल्या. "मालकांचा लई जीव होता याच्यावर."

"भाव काय म्हणता?"

"भाव ठाऊक हाय मला. पुण्याचे दोघं येऊन गेलते. म्हनतील तेवढं द्यायला तयार होते. न्हाई दिलं."

"कावून?"

"धंदेवाले ते. एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं. कुठं कुठं फिरायचं त्यांनी?"

कॅमेऱ्याला 'त्यांनी' म्हणायची म्हातारीची तऱ्हा सौरभला गमतीची वाटली. आपणही धंदेवालेच आहोत, हे त्यानं सांगितलं नाही.

"घरात कोन कोन हाय तुमच्या?"

"बायको हाय. पोरगी हाय बारकी."

"बायको बोलती का नीट? हाका मारती?"

"लई मारती," सौरभ हसून म्हणाला.

"मंग द्या काय द्यायचं ते." त्यानं दिलं ते तिनं न बघताच कनवटीला लावलं. डबा त्याच्या हाती देताना तिनं त्याच्या झाकणावरून एकदा हात फिरवला. एवढा चांगला माल असा हाती आल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा, पण केजहून निघताना सौरभला आपण काहीतरी लंपास करून नेतोय असं वाटत होतं.

३

घरी आल्या आल्या तो ओसरीवर बसला आणि डबा भिंतीकडं धरला. काचेत पुस्तक डाव्या हातात होतं. बोट उजव्या हाताचं.

"यशू, इकडं ये. बघ बरं, पुस्तक कुठल्या हातात हाय?"

यशोधरा हात पुसत आली. वाकून तिनं काचेत पाहिलं. "उजव्या. नेहमीसारखं. कावून?"

त्यानं परत पाहिलं. डाव्या. परत तिला दाखवलं. उजव्या. दवाखान्यात दिवसभर माणसांच्या नाड्या धरणारी बाई होती ती, उगाच थट्टा करणारी नव्हे. "उन्हात हिंडलात तुमी," ती म्हणाली आणि त्याच्या कपाळाला हात लावून गेली.

त्यानं चार स्क्रू काढून वरचा भाग उघडला. आरसा जागेवर होता, कडेला थोडा पिवळा पडलेला. त्यात त्याला स्वतःचा डोळा दिसला. सगळं जसं असायला हवं तसंच होतं. त्यानं पुण्याच्या रविराजला व्हिडिओ कॉल लावला. हे त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक; रविराज लग्नाचे फोटो काढायचा, प्रत्यक्ष भेट कधी झाली नव्हती.

"सुलटं दिसणं शक्यच नाही हो," रविराज हसला. "पण कॅमेरा झकास आहे. दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी येतो स्वतः."

संध्याकाळी उन्हं कलली तेव्हा सौरभ पुन्हा डबा घेऊन बसला. समोर उत्पला वाटी-चमच्याचा खेळ मांडून बसली होती. त्यानं तिला काचेत घेतलं. नेहमीच्या डब्यात माणूस पकडायचा म्हणजे कसरत असते; लेकरू डावीकडं सरकलं की काचेत उजवीकडं पळतं. इथं तसं काही नव्हतं. जिकडं मन जाईल तिकडं चित्र येत होतं. काचेतला उजेडही ओसरीवरच्या उजेडापेक्षा चांगला होता. उत्पलाच्या फ्रॉकवरचं एकेक फूल दिसत होतं. त्याला फार बरं वाटत होतं. आपण वरून बघतोय हेही तो विसरून गेला.

"अहो, चहा!" यशोधराची हाक आली. ती त्याला समोरून आल्यासारखी वाटली. "ओ," तो म्हणाला. निदान त्याला तसं वाटलं.

मान वर केली तेव्हा कप त्याच्या शेजारी होता. चहा गार, त्यावर जाड साय. उत्पला खेळ सोडून दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"हाक मारायची की गं," तो यशोधराला म्हणाला.

"मारली की. तुमी ओ बी दिली," ती म्हणाली.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला जाताना त्यानं गिअर टाकायला उजवा पाय दाबला आणि भर चौकात गाडी ब्रेक लागून आचका देऊन थांबली. मागच्या जीपवाल्यानं आईबापाचा उद्धार केला. "झोपेत हाईस का बे?" सौरभ ओशाळून हसला. इतक्या वर्षांचा हात बसलेला, पाय बसलेला, आणि आज पाय चुकला. होतं कधी कधी.

पण मग शर्टाची बटणं चुकायला लागली. बोटं काज धरायच्या हातानं बटण धरू पाहत. घरातला दिवा लावायला हात दाराच्या भलत्याच बाजूला जाई आणि भिंत चाचपडे. दुकानात कुलपात किल्ली उलटी फिरवून तो घामाघूम झाला. वाचता-लिहिताना मात्र काही अडत नव्हतं. अक्षरं जागेवर होती, फक्त हात-पाय चुकत होते.

रात्री जेवायला बसला तेव्हा त्याचा हात भाजीऐवजी ताटातल्या चटणीत गेला. "कोरड्यास इकडं कावून वाढलंस?" तो वैतागून म्हणाला.

"कुठं? मीठ-चटणी डावीकडं, कोरड्यास उजवीकडं. माझ्या आईनं शिकवलं तसंच रोज वाढते," यशोधरा म्हणाली. तो कोणत्या हातानं भाकरी मोडतोय, इकडं ती बघत होती. त्यानं पटकन हात बदलला. बदलून योग्य हात धरला की अयोग्य, हे त्याला त्या क्षणी कळेना.

अंघोळ करताना त्याला पोटरीवरचा डाग दिसला. लहानपणी बापाच्या गाडीवरून उतरताना सायलेन्सरला पोटरी टेकली होती, त्या भाजल्याची खूण. या मुलखात असा डाग नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही, आणि तो असतो उजव्या पोटरीला, कारण सायलेन्सर त्याच बाजूला असतो. सौरभचा डाग डाव्या पोटरीवर होता. तो बराच वेळ तांब्या हातात धरून बसून राहिला. बापाची गाडी जुनी होती, त्या गाडीचं सगळंच उरफाटं असेल. नाहीतर आपण दुसऱ्या बाजूनं उतरलो असू. डाग काय रोज बघतो का माणूस?

खात्री करायला त्यानं मोबाइलमधले फोटो काढले. चड्डीवरचा, धरणावर काढलेला एक सापडला. डाग उजव्या पोटरीला. पण तो फोटो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला होता, आणि तो कॅमेरा मुळात सगळं उलटं करतो. मग त्यानं लग्नातल्या हळदीच्या, हौसेनं रिळावर काढून घेतलेल्या निगेटिव्ह काढल्या. निगेटिव्ह कुठूनही धरता येते. जुने फोटोवाले सुद्धा कधी उलटी छापून बसायचे, म्हणून नवरीचा पदर कोणत्या खांद्यावर आहे ते आधी बघायचे. सौरभनं यशोधराचा पदर बघितला, निगेटिव्ह पालटली, पुन्हा पालटली, आणि शेवटी डोकं धरून बसला. ज्या धंद्यात त्यानं आयुष्यभर डावं-उजवं ओळखून पोट भरलं, त्यात त्याला आता स्वतःची एक बाजू पटवून देता येत नव्हती.

तो भिंतीपुढं जाऊन उभा राहिला. पुस्तक धरल्यासारखा एक हात छातीशी घेतला, दुसऱ्याचं बोट पुढं केलं. लहानपणी जयंतीच्या दिवशी बाप त्याला असंच उभं करायचा, आणि त्यात तो कधी चुकला नव्हता. "बरोबर हाय का?" त्यानं उत्पलाला हसत विचारलं.

उत्पला रडायला लागली. उचलायला गेला तर अंग चोरून आईकडं पळाली. हे मात्र त्याला फार लागलं. तो परसात जाऊन तोंड धुऊन आला.

५

त्या आठवड्यात त्याच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. यशोधरा त्याला 'अहो' म्हणत नव्हती.

भांडण नव्हतं, अबोला नव्हता. "जेवायला वाढलंय." "पाणी तापलंय." "डोकं दुखत आसंल तर गोळी हाय फडताळात." सगळं वेळेवर, सगळं मऊ आवाजात, दवाखान्यात पेशंटशी बोलावं तसं. पण त्यातलं एकही वाक्य त्याला हाक मारून सुरू होत नव्हतं. आपल्या बायकोच्या तोंडचा एक लहानसा शब्द माणसाला घरात किती घट्ट धरून ठेवतो, हे तो शब्द गेल्यावर त्याला कळलं.

एका दुपारी तो दुकान मिटवून लवकर घरी आला. दाराशी चपला काढतो तोच आतून हसण्याचा आवाज आला. उत्पला खिदळत होती. यशोधराही हसत होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हसायची तशी. आणि मग त्याला ऐकू आलं, "अहो, बास की आता. पडंल ती."

सौरभ धावतच आत गेला. दोघी चुलीच्या खोलीत खाली बसल्या होत्या. मध्ये डबा, झाकण उघडं, दोघींची डोकी काचेवर वाकलेली. तिसरं कुणी नव्हतं. यशोधरानं त्याला पाहून झाकण हळूच मिटलं.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी न्हाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते आणि तिला त्याची दया येत होती, हे त्याला स्पष्ट दिसलं. त्याला राग यायला हवा होता, पण आली ती भीती.

६

दुसऱ्या दिवशी तो केजला गेला. या वेळी विमलबाईंनी त्याला मागच्या खोलीतच नेलं. बाजेवर एक म्हातारा जेवत बसला होता. डाव्या हातानं. ताटात चटणी उजवीकडं वाढलेली होती, कोरड्यास डावीकडं.

"मावशी, हे अजिनाथराव का?"

विमलबाईंनी म्हाताऱ्याच्या दिशेनं पाहिलं. "न्हाई."

"मंग कोन?"

"ऱ्हातात. लई वर्षं झाली." तिनं चाचपून म्हाताऱ्याच्या वाटीत आमटी घातली. "मानूस वाईट न्हाई. दारू न्हाई, शिवी न्हाई. मी जेवू घालती, दुखलं-खुपलं बघती. अजून काय करावं?"

"आन् मालक?"

ती बाजेच्या पायाशी बसली. "डोळ्यांत मोतीबिंदू झाला माझ्या," ती म्हणाली. "डाक्टर म्हनला, आता उशीर झाला. काचंत नुसतं धुकं दिसायला लागलं. मी हाका मारायची, ते ओ बी देत असतील, पन दिसंनात. दिसतच न्हाईत तर ठेवून काय करू? म्हनलं, भरल्या घरात जावं त्यांनी. लेकराच्या संगतीत बरं वाटंल."

म्हातारीचं डोकं फिरलंय, असं सौरभनं स्वतःला सांगितलं. एकटेपण, मोतीबिंदू, म्हातारपण; त्यातून माणूस काहीही मानून बसतो. पण यशोधरा तर एकटी नव्हती. तिचे डोळेही चांगले होते.

"मावशी, मला सांगा, त्यात बघितल्यावर मानसाचं काय होतं?"

"मला काय ठावं? मी कदी त्यांच्यासारखं हरवून बघितलंच न्हाई," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

तिची पाठ फिरल्यावर म्हाताऱ्यानं सौरभच्या मनगटाला हात घातला. हात उबदार होता, साध्या माणसाचा. "मीच हाय ओ अजिनाथ," तो हळू आवाजात म्हणाला. "माझी आय, माझा बाप, माझं लगीन, समदं ध्यानात हाय माझ्या. हिला किती येळा सांगितलं. पटतच न्हाई."

सौरभनं मनगट सोडवून घेतलं. म्हातारा खरं बोलत होता, याबद्दल त्याला शंका नव्हती. आणि विमलबाई खोटं बोलत होत्या, असंही त्याला म्हणता येईना.

७

परतीच्या वाटेवर मांजरसुंब्याच्या ढाब्यावर थांबून त्यानं रविराजला फोन लावला. "उद्याच या. भाव तुमी म्हनाल तो."

विचार सरळ होता. डबा घरातून गेला, की हाक मारायला यशोधराला दुसरं कोण उरतं? चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी 'अहो' म्हणेल. नाहीतर आपण बाजेवर बसून भाकरी खात म्हातारे होऊ आणि पोरगी आपल्याला ओलांडून जाईल. एवढं ठरवून त्याला बरं वाटलं. पण गाडीला किक मारताना दुसरा विचार आला, आणि तो काही केल्या जाईना. जर खरा सौरभ काचेतच राहिलेला असेल, आपण तो नसलोच, तर उद्या आपण पोरीच्या बापाला पुण्याला विकणार आहोत.

"विकू नगा," यशोधरा रात्री एवढंच म्हणाली. आजवर कॅमेऱ्यांच्या पसाऱ्याला वैतागलेली बाई ती.

सकाळी ती उत्पलाला न्हाऊ घालत होती. मोरीतून पाण्याचा आणि पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता, डोळ्यांत साबण गेला होता. दोरीवर सौरभचा चौकड्याचा शर्ट वाळत होता, उत्पलाला पहिल्यांदा काचेत घेतलं त्या संध्याकाळी अंगात होता तोच. सौरभनं डबा घेतला. एकदाच बघायचं, खात्री करायची, आणि मिटायचा. त्यानं झाकण उघडलं.

काचेत समोरची खोली होती, स्वच्छ, सुलटी. भिंतीपुढं एक माणूस पाठमोरा उभा होता. अंगात चौकड्याचा शर्ट. खांद्यावर उत्पला, कोरडी, हसणारी. तो तिला फोटोकडं बोट करून काहीतरी दाखवत होता आणि तिचे ओठ हलत होते. मोरीतलं रडणं इकडं चालूच होतं. मग कुणी मागून बघतंय असं वाटावं तसा तो माणूस थांबला आणि त्यानं मान वळवायला सुरुवात केली. कानाची पाळी दिसली, गालाची कड दिसली. सौरभनं झाकण मिटलं.

तो ओसरीवरच्या बाजेवर येऊन बसला. डबा त्यानं शेजारी ठेवला. थोड्या वेळानं यशोधरा आली. तिनं त्याच्या शेजारचा डबा उचलला, उंबऱ्यावर बसून मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं. टॉवेलात गुंडाळलेली उत्पला तिला टेकून बसली. सौरभनं हात पुढं केला नाही. डबा तिच्याकडून ओढून घ्यावा एवढा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच त्याला ठरवता आलं नाही.

फाटकाशी गाडी थांबली. पाठीला बॅग अडकवलेला रविराज उतरला आणि हसतमुखानं आत आला. सौरभ उठून उभा राहिला. रविराजनं त्याच्याकडं पाहिलं, आणि त्याचं हसू जरा घोटाळलं.

"सौरभ इथंच राहतात ना?" त्यानं विचारलं. "तुम्ही भाऊ का त्यांचे? चेहरा अगदी मिळताजुळता आहे."

"मीच..." सौरभ म्हणाला, आणि तिथंच थांबला. हे वाक्य त्यानं कालच दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं.

यशोधरानं मांडीवरच्या काचेवरून नजर न काढता, अगदी शांतपणे उत्तर दिलं.

"ते आत हायेत."

रविराजनं बरं म्हणून घरात डोकावून पाहिलं. सौरभनंही मान वळवून आत पाहिलं.